परदेशातल्या लिटररी एजंटला कादंबरी पाठवायची आहे, कोणी पाठवली आहे का?

धुऱ्यावरची | २ जून

नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यातल्या एका गावात राहते, ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवते. साडेचार वर्षं रात्री जागून एक कादंबरी लिहिली, मागच्या महिन्यात पूर्ण झाली. इंग्रजीत आहे, १ लाख १८ हजार शब्द.

थोडक्यात सांगते. शेवंता कापूस वेचायला जाते, मजुरी किलोवर. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर मालकाचा स्प्रिंगकाटा लटकवतात आणि प्रत्येकीचं गाठोडं मोजतात. तिला वाटून राहिलं की काटा कमी दाखवते. दोन हंगाम पैसे साठवून ती बाजारातून स्वतःचा काटा आणते आणि तिथून सगळं बिघडत जाते. लहानपणी मी आईसोबत वेचणीला गेली आहे, गाठोडं काट्याला लागलं की सगळ्या बाया बोलणं बंद करून सुईकडे पाहत, ते डोक्यातून कधी गेलंच नाही.

आता लंडन नाहीतर न्यूयॉर्कच्या एजंटला, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्याला, पाठवायचं मनात आहे. तिकडचे मोठे प्रकाशक एजंटशिवाय हस्तलिखित घेत नाहीत एवढं वाचलं. पण पुढं काय? इथून पाठवलं तर वाचतात का? पत्रात काय लिहायचं? एका एजन्सीला मी घाईत मेल केला होता, त्यांचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की कादंबरी फार आवडली, वाचनाची फी ३५० डॉलर भरा. एवढे पैसे भरावे की नाही कळून नाही राहिलं. कोणाला अनुभव असेल तर सांगा जी.

मृगबहार | २ जून

ताई पैशे भरू नका. हात जोडून सांगतो भरू नका.

मी वरुडकडचा. २०१९ मंदी माह्यासंगं असंच झालं. मेल आला का तुमची कादंबरी आमाले लय आवडली, पन आधी 'असेसमेंट' करा लागते, त्याचे २२ हजार. मृग बहाराच्या संत्र्याचे पैशे नुकतेच हाती आले होते, बायकोले न सांगता भरून देल्ले. मंग एडिटिंगचे मांगतले, तेही देल्ले. मंग पुस्तक मेळाव्यात ठेवाचे मांगतले, तवा डोळे उघडले. फोन लावला तं नंबर बंद. ते पैशे गेले ते गेले, पन तीन वर्षं मी पेनाले हात नाई लावला याचं दुःख जास्त हाय. माह्या लेखनात काय होतं काय नोयतं हे कोनी वाचलंच नोयतं, वाचल्याचं खोटं सांगतलं होतं. एक दिवसात १ लाख १८ हजार शब्द कोन वाचते सांगा तुमीच.

दारव्हा ते लीड्स | ३ जून

वरच्या भाऊंनी सांगितलं ते सोळा आणे खरं. एजंट पैसे मागत नाही. तो पुस्तक विकतो, प्रकाशक पैसे देतो, त्यातून तो आपलं कमिशन कापून घेतो, साधारण १५ टक्के, परदेशी हक्क किंवा अनुवादाचे हक्क विकले तर २० टक्के. तोपर्यंत त्याला एक रुपया द्यायचा नाही. अमेरिकेत असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स आहे, ब्रिटनमध्ये १९७४ पासून असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्स आहे, दोघांच्या नियमात वाचनाची फी बसत नाही. शंका आली की 'रायटर बिवेअर' नावाची साईट पाहा, लेखकांना लुबाडणाऱ्यांची माहिती तिथं फुकटात मिळते.

मी मूळचा दारव्ह्याचा, नऊ वर्षांपासून लीड्सला. दिवसा हॉस्पिटलची नोकरी, रात्री लिहिणं. ५७ एजंटांना पाठवल्यावर ५८ व्या बाईंनी मला घेतलं, त्यामुळे जे सांगतो ते हातानं केलेलं सांगतो.

ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी लागतात, एका पानाचं पत्र, एका पानाची कथा म्हणजे सिनॉप्सिस, आणि पहिली तीन प्रकरणं किंवा १० हजार शब्द. सिनॉप्सिसमध्ये शेवट लपवायचा नाही, शेवंताचं काय होतं ते सरळ लिहायचं. अमेरिकेत आधी क्वेरी लेटर, म्हणजे कादंबरीची ओळख करून देणारं पत्र, साधारण ३०० शब्दांचं, सोबत पहिली ५ नाहीतर १० पानं, आणि ती पुष्कळ जणांना मेलमध्येच पेस्ट केलेली लागतात, अटॅचमेंट असली तर उघडतसुद्धा नाहीत. काही जणांकडे मेल चालत नाही, ऑनलाईन फॉर्म भरावा लागतो. प्रत्येकाचा नियम त्याच्या पानावर लिहिलेला असतो, तो पाठवायच्या दिवशी पुन्हा वाचा कारण मध्येच बंद करतात.

नावं कुठून काढायची तर क्वेरी ट्रॅकर आणि मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट या साईट आहेत, ब्रिटनसाठी रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक, ते शंभराहून जास्त वर्षांपासून निघतं. पण नाव मिळालं की लगेच पाठवायचं नाही, त्या माणसानं गेल्या तीनचार वर्षांत कोणती पुस्तकं घेतली ते बघायचं. एका एजन्सीत दोन एजंट आवडले तरी दोघांना एकाच वेळी पाठवू नका. आणि एकदम चाळीस जणांना तर अजिबातच नाही, सहासात जणांना पाठवा, दोनतीन महिने थांबा, सगळीकडून नकार आला तर पत्रात नाहीतर पहिल्या पानात काहीतरी चुकतंय असं समजा आणि सुधारून पुढच्या सहासात जणांना.

शब्द कमी करा ताई. नवख्या लेखकाची पहिली कादंबरी ८० हजार ते १ लाखात असली तर बरं. आणि इंडियातून आहे म्हणून कोणी फेकत नाही, कुठं राहता ते एका ओळीत लिहा, बस.

झाडीचा पाहुणा | ३ जून

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, राग मानू नका. मी साकोलीकडचा. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, रात्रभर नाटक चालते, हजारो माणूस थंडीत चादर पांघरून बसते, कारण ते त्यांच्या बोलीत असते. ज्या बाया वेचणीला जातात त्या ही कादंबरी कधी वाचणार? मराठीत लिहून इथल्या प्रकाशकाला का नाही दिली? आपली माणसं आपल्याबद्दलचं लिहिलेलं सगळ्यात शेवटी वाचतात हे मला खूप लागते.

धुऱ्यावरची | ३ जून

राग कशाचा दादा. हाच प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. माझी आई सातवी शिकली, तिला मी प्रत्येक प्रकरण रात्री मराठीत सांगितलं आहे, म्हणजे पहिली श्रोती तीच. मराठीत करायचंच आहे, आणि मीच करणार, दुसऱ्याला देणार नाही. पण पहिलं वाक्य इंग्रजीत आलं आणि पुढचं त्याच्यामागं येत गेलं. इंग्रजीत लिहिताना मी मालकाबद्दल जे लिहू शकली ते मराठीत लिहिताना हात थांबला असता, कारण मालक कोण हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

पोस्टमास्तर काका | ४ जून

बेटा, मी पोस्टातून रिटायर होऊन सोळा वर्षं झाली. १९८४ साली मोर्शी भागात असताना एक मास्तर यायचे, इंग्रजी कथा लिहून लंडनच्या मासिकांना पाठवायचे. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा आणि आय.आर.सी. कूपन, म्हणजे इंटरनॅशनल रिप्लाय कूपन, ते तिकडच्या पोस्टात दिलं की परतीचं तिकीट मिळायचं. हे कूपन अमरावतीच्या हेड पोस्टातून मागवावं लागे. पाचसहा महिन्यांनी लिफाफा परत यायचा. मास्तर तो उघडत नसत, आधी तळहातावर धरून वजन बघायचे. जड असला की कथा परत आली. हलका असला की फक्त पत्र आहे, म्हणजे कथा ठेवून घेतली. अकरा वर्षांत एकदा हलका लिफाफा आला, तो मीच त्यांच्या घरी नेऊन दिला, ड्युटी सोडून. तुला आता मेलवर दोन मिनिटांत जातं तर घाबरू नकोस, पाठव.

धुऱ्यावरची | ९ जून

काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणे त्या मास्तरची कथा कशावर होती ते विचार.

पत्राचा पहिला परिच्छेद तयार केला, मराठी करून टाकते, स्पष्ट सांगा.

"भारतातील विदर्भ हा प्रदेश शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखला जातो. कर्ज, दुष्काळ आणि कापसाचे घसरते भाव यांच्या चक्रात अडकलेल्या ग्रामीण समाजाचे हृदयस्पर्शी चित्रण या कादंबरीत आहे. स्त्री-सक्षमीकरण, जातिव्यवस्था आणि जागतिकीकरण या विषयांवर ती भाष्य करते."

मृगबहार | ९ जून

ताई यात शेवंता कुठी हाय?

तुमी पयल्या पोस्टमंदी काटा सांगतला, सुई सांगतली, त्या रातच्याले मले झोप नाई आली. माह्या वावरातही काटा लटकते. दुसऱ्या दिवशी मी तो दुकानात नेऊन तपासून आनला, खरं सांगतो. आन् हे जे आता लिवलं ते कलेक्टर ऑफिसच्या अहवालावानी वाटते. त्या पयल्या चार वळीच पाठवा न.

दारव्हा ते लीड्स | १० जून

भाऊंनी एका वाक्यात सांगितलं, मी चार पानं लिहिली असती. एजंटला विदर्भ माहीत करून द्यायचा नसतो, त्याला एक बाई भेटवायची असते. तिला काय पाहिजे, मध्ये कोण उभं आहे, ते मिळवताना तिच्या हातून काय जाईल, एवढंच. 'हृदयस्पर्शी' हे आपण आपल्याबद्दल म्हणायचं नाही. आणि आत्महत्या तुमच्या कादंबरीत आहे का हो? पहिल्या पोस्टवरून तर वाटत नाही. नसेल तर पत्रात कशाला, तिकडं विदर्भ म्हटलं की एवढंच ऐकायची सवय आहे म्हणून आपणही तेच पुढं करायचं का? मी पहिल्या वीस पत्रांत हेच केलं होतं. एका एजंटनं पानं मागवली आणि नंतर लिहिलं की पत्रातली कादंबरी आणि ही कादंबरी वेगळी आहे. बरोबर होतं त्याचं.

धुऱ्यावरची | १४ जून

आत्महत्या नाही आहे कादंबरीत. तुम्ही विचारल्यावर खूप वेळ गप्प बसली होती. नवीन केलं आहे.

"शेवंताने दिवसभर वेचलेला कापूस मालकाच्या काट्यावर चौतीस किलो भरतो. तेच गाठोडं ती त्याच रात्री पिठाच्या चक्कीवर नेते, तिथं अडतीस भरतं. तिच्या नवऱ्यावर त्याच मालकाचं वीस हजारांचं देणं आहे. दोन हंगामांनंतर ती स्वतःचा काटा विकत घेऊन धुऱ्यावर येते आणि बाकीच्या अकरा बायांनी आपलं गाठोडं कोणाच्या काट्याला लटकवायचं हे ठरवायची वेळ येते."

मृगबहार | १४ जून

हे हाय. आता एक अक्षर बदलू नका.

आर्वीची अनुवादक | १५ जून

फार छान झालंय ताई. मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते, एक सांगू का, शब्दांच्या अर्थाबद्दल. नमुन्याच्या पानात वावर, धुरा, पऱ्हाटी, कुटार हे शब्द ठेवले असतील तर त्यांच्यामागं स्वल्पविराम देऊन 'म्हणजे शेत', 'म्हणजे बांध' असं लिहू नका, शब्द तिरपेही करू नका. कोणी धुऱ्यावर बसून पाणी पिलं, दोन्हीकडं पऱ्हाटी उभी आहे, तर धुरा काय ते वाचणाऱ्याला कळतं. सुरुवातीला मी प्रत्येक शब्दामागं अर्थ चिकटवत होती, वाचताना वाक्य अडखळायचं, जसं बंडीचं चाक दर दहा पावलांवर दगडावर चढावं.

आणि झाडीच्या दादांसाठी, मराठीत लिहिलं तरी बाहेरची वाट बंद नसते. २०२२ ला हिंदी कादंबरीला इंटरनॅशनल बुकर मिळालं, २०२५ ला कन्नड कथांना. कन्नडचं ते पुस्तक ब्रिटनमध्ये शेफील्डच्या एका लहान प्रकाशनानं काढलं. ५० हजार पौंडांचं बक्षीस लेखिका आणि अनुवादिका दोघींत अर्धं अर्धं. अशा वेळी पुष्कळदा अनुवादकच नमुना घेऊन प्रकाशकाकडे जातो, एजंट असतोच असं नाही. इंग्लिश पेन ही संस्था ब्रिटनमधल्या प्रकाशकांना अनुवादासाठी अनुदान देते, त्यामुळे लहान प्रकाशकही हिंमत करतात. वऱ्हाडीतून, झाडीबोलीतून असं काही जावं ही माझी फार इच्छा आहे.

झाडीचा पाहुणा | १५ जून

ही माहिती नव्हती मला. वहीत लिहून ठेवली. ताई, मराठी कराल तेव्हा पहिली प्रत मला पाहिजे.

धुऱ्यावरची | २ जुलै

९८ हजारांवर आणली. मालकाच्या भावाचं अख्खं प्रकरण काढलं, रडली थोडी. काल सात जणांना पाठवलं, चार लंडन, तीन न्यूयॉर्क. आणि आज एक विचित्र मेल आला. न्यूयॉर्कच्या एका नामांकित एजंटच्या नावानं आहे, त्यांना मी पाठवलंच नव्हतं. म्हणतात तुमच्या लिखाणाबद्दल ऐकलं, पूर्ण फाईल पाठवा. पाठवू का?

दारव्हा ते लीड्स | २ जुलै

थांबा. पाठवू नका. मेलचा पत्ता अक्षर अक्षर वाचा, नावावर जाऊ नका. २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला एक तरुण पकडला गेला, तो लंडनच्या एका मोठ्या प्रकाशन संस्थेत नोकरीला होता आणि पाच वर्षं संपादक, एजंट यांच्या नावानं मेल करून लेखकांची न छापलेली हस्तलिखितं मागवत होता. पत्त्यात 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' जवळ जवळ टाईप करायचा, घाईत वाचलं तर 'एम'च दिसतो. पुढच्या वर्षी त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याच्या जाळ्यात मोठमोठे अनुभवी लेखक आले होते, म्हणून सांगतो. एजन्सीच्या साईटवर जाऊन तिथला पत्ता घ्या आणि त्यावर नवीन मेल करून विचारा की हे तुम्हीच पाठवलं का.

धुऱ्यावरची | ४ जुलै

विचारलं. एजन्सीचं उत्तर आलं, त्यांचं नाही. धन्यवाद भाऊ, तुम्ही नसते तर साडेचार वर्षं एका क्लिकवर गेली असती.

कारंजा हिशेब | ५ जुलै

मी खातेवहीचं काम करतो, पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. अमेरिकेच्या प्रकाशकाकडून पैसे आले तर ते तिकडंच ३० टक्के टॅक्स कापतात. डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरून दिला तर भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवर १५ टक्केच कापला जातो, त्या फॉर्मवर आपला पॅन नंबर चालतो. फॉर्म फुकट आहे, कोणी भरून द्यायचे पैसे मागितले तर देऊ नका. तिकडं कापलेला टॅक्स इथं रिटर्न भरताना दाखवायचा, त्याची वजावट मिळते, कागद जपून ठेवा. ॲडव्हान्सही एकदम येत नाही, करारावर सही झाल्यावर काही, शेवटची फाईल दिल्यावर काही, पुस्तक निघाल्यावर काही, असे हप्ते असतात. त्यामुळे त्या पैशावर लगेच ट्रॅक्टर बुक करायचा नाही.

मृगबहार | १९ सप्टेंबर

ताई काही खबर? तुमी लिवलं नाई म्हून इचारतो.

धुऱ्यावरची | २० सप्टेंबर

आतापर्यंत चौदा जणांना पाठवलं. सहा नकार, सगळे एकाच साच्यातले. एका लंडनच्या बाईंनी मात्र तीन ओळी स्वतः लिहिल्या, चक्कीवरचा प्रसंग आवडला पण त्यांच्या यादीत बसत नाही. ती मेल मी प्रिंट काढून ठेवली. बाकीचे गप्प.

दारव्हा ते लीड्स | २० सप्टेंबर

स्वतः लिहिलेल्या तीन ओळी फार कमी जणांना मिळतात, जपून ठेवा. गप्प असणारेही पुष्कळ, काहींच्या साईटवरच लिहिलेलं असतं की अमुक आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नाही समजा. ऑगस्टमध्ये इकडं सगळे सुट्टीवर असतात, आता ऑक्टोबरात फ्रँकफर्टचा पुस्तकमेळा आहे, म्हणजे तुमची सोयाबीनची सोंगणी आणि त्यांचा मेळा एकाच वेळी. नोव्हेंबर उजाडला की पुन्हा बघा. मधल्या काळात दुसरं लिहायला घ्या.

धुऱ्यावरची | २३ नोव्हेंबर

मंडळी, काल रात्री अकरा चाळीसला न्यूयॉर्कच्या एका एजंट बाईंचा मेल आला. पूर्ण कादंबरी मागवली आहे. या वेळी पत्ता तीनदा तपासला, मी स्वतः पाठवलेल्या मेलवरच उत्तर आहे. लाईन नव्हती, लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्के होती, मोबाईलचं नेट जोडून फाईल पाठवली आणि दुसऱ्या मिनिटाला स्क्रीन बंद झाली. गेली की नाही ते सकाळी कॉलेजवर पाहिलं. गेली होती.

आईला उठवून सांगितलं. ती म्हणे, त्या बाईनं काटा पायला असन काय कधी? मी म्हटलं नसेल. मंग सुई कशी हालते ते नीट सांगतलं का तू? म्हणून टॉर्चच्या उजेडात प्रिंटचं तिसरं पान काढून तिला मराठीत वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बराबर हाय, पन सुई थांबाच्या आधीच मुकादम आकडा बोलून देत जाय, ते नाई लिवलं तू.

मी चाळीस वेळा ते पान लिहिलं असेल, आणि हे सुटलं. इतक्या संध्याकाळी मी तिथं उभी होती. आता भाऊ, त्यांना सुधारलेली फाईल पुन्हा पाठवू का?

दारव्हा ते लीड्स | २३ नोव्हेंबर

अभिनंदन ताई! एका ओळीसाठी पुन्हा पाठवू नका, दोन फाईली झाल्या की त्यांचाच गोंधळ होतो. पूर्ण वाचायला दोनतीन महिनेही लागतात. तुमच्या फाईलमध्ये आत्ताच दुरुस्त करून ठेवा, त्यांनी घेतलं तर संपादनात जाईल, नाही घेतलं तर पुढच्या एजंटला हीच नवी फाईल.

मृगबहार | २३ नोव्हेंबर

मायले माहा नमस्कार सांगजा. आमच्याकडेही असंच बोलते मुकादम. मीच तसं बोलू द्याचो.

धुऱ्यावरची | २४ नोव्हेंबर

दुरुस्त केलं. तिसऱ्या पानावर एक वाक्य वाढलं. आज आठ नवीन नावं काढली आहेत, रविवारी पाठवते.